मानवत हत्याकांड : नेमकं काय घडलं होतं?

परभणी जिल्हा म्हटलं की जाणकारांना जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची प्राचीन मंदिरं आठवतात. पण याच जिल्ह्यातल्या मानवतचं नाव निघालं की जुन्या पिढीला वेगळंच काही आठवतं. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी सोनी लिव्हवर आलेल्या 'मानवत मर्डर्स' या वेब सिरीजमुळे ते प्रकरण नव्या पिढीपर्यंत पोचलं.

काय घडलं होतं?

१९७२ चं साल दुष्काळाचं. १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या काळात मानवतमध्ये दहा खून झाले. मारल्या गेलेल्या सगळ्या स्त्रियाच होत्या. त्यात दहा वर्षांच्या आसपासच्या पाच मुली आणि एक तान्हं बाळही होतं.

खुनांमागे कारण काय होतं?

सरकार पक्षाचं म्हणणं असं, की पिंपळावरच्या मुंजाला प्रसन्न केलं तर गुप्तधन सापडेल आणि मूलही होईल, या समजुतीतून कोवळ्या मुलींचे बळी दिले गेले.

तपास कोणी केला?

स्थानिक तपास अडल्यावर रमाकांत कुलकर्णी यांना पाठवण्यात आलं. मुंबईतल्या रमण राघव प्रकरणाच्या तपासामुळे त्यांचं नाव आधीच गाजलं होतं. वेब सिरीज त्यांच्याच आठवणींवर आधारित असून त्यांची भूमिका आशुतोष गोवारीकर यांनी केली आहे.

न्यायालयात काय झालं?

खटल्यात माफीच्या साक्षीदारांच्या जबाबाला मोठं महत्त्व होतं. पण जो स्वतःच गुन्ह्यात सामील होता, त्याच्या शब्दाला इतर पुराव्याचा आधार लागतो. सूत्रधार म्हणून ज्या दोघांवर आरोप होता, ते उच्च न्यायालयातून निर्दोष सुटले. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये त्यांची सुटका कायम ठेवली. इतर काही आरोपी मात्र दोषी ठरले. शिक्षा ठरवण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकण्याच्या मुद्द्यावर हा निकाल आजही वाचला जातो.

हे प्रकरण वेगळं का?

मानसशास्त्रीय थरारपटात शेवटी खुन्याच्या बालपणातली एखादी जखम उघडी पडते आणि प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो : तो माणूस आपल्यासारखा नव्हता! मानवतमध्ये तशी सोय नाही. मुंजा, गुप्तधन, पिंपळ या गोष्टी गावोगावी ऐकायला मिळत होत्या. ती समजूत एकट्यादुकट्या विकृत मनाची नव्हती. काहींनी ती खरी मानून हत्यार उचललं, एवढाच फरक.

नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्ध महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा झाला तो २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर. मानवतला तेव्हा जवळपास चाळीस वर्षं उलटून गेली होती.