थोडक्या साक्षींचा इतिहास

गुहागर तालुक्यांतील हेदवीस आलेला प्रवासी दशभुजा गणपतीचें दर्शन घेऊन समुद्रकांठच्या उमामहेश्वराकडे वळतो व जवळच असलेली बामणघळ पाहतो. काळ्या कातळांत पडलेली ही एक अरुंद चीर. भरतीची लाट आंत शिरली म्हणजे कोंडलेलें पाणी मोठ्या आवाजानें उंच उसळतें. ओहोटीस मात्र घळ मुकाट असते. एक प्रवासी भरतीस व दुसरा ओहोटीस आला आणि दोघांनीं आपापलें वर्णन लिहून ठेवलें, तर तीं एकाच स्थळाचीं आहेत हें वाचकास पटणें कठीण. दोघेही खरेंच बोलले. चूक एवढीच कीं, एकदां पाहून प्रत्येकानें 'नेहमीं' हा शब्द योजिला. संशोधनाच्या बहुतेक शाखांवर हाच प्रसंग गुदरतो.

हेदवीचें देऊळ पेशवाईतलें व मूर्तीचा पाषाण काश्मीरकडील, अशी आख्यायिका आहे. ती शंभर तोंडीं ऐकली म्हणून शंभर साक्षी झाल्या असें आम्ही मानीत नाहीं. एकाचें ऐकून दुसऱ्यानें सांगितलें असेल, तर साक्ष एकच, बाकीचे प्रतिध्वनि. इतिहासांत साक्षी मोजण्यापूर्वीं त्यांचें गोत्र पाहावें लागतें.

शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा वाद हें याचें उत्तम उदाहरण होय. चिटणीस बखरीसारख्या उत्तरकालीन बखरींवरून शके १५४९ मधील वैशाख, म्हणजे इ. स. १६२७, हा काळ दीर्घकाळ मान्य होता. पुढें मावळांतील कारीच्या जेधे घराण्याची शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केली. तींत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, अशी तिथि निघाली. अनेक बखरींसमोर एक शकावली! संख्येनें न्याय करावयाचा, तर शकावली तेथेंच हरली असती. परंतु तंजावरास सांपडलेलें कवींद्र परमानंदाचें 'शिवभारत' सदाशिव महादेव दिवेकर यांनीं १९२७ सालीं प्रसिद्ध केलें, आणि शिवकालांतच रचलेल्या त्या काव्यांतही तीच तिथि आढळली. जोधपुराकडील एका संग्रहांतील कुंडलीही तिच्याशींच जुळली. मावळ, तंजावर, जोधपूर! हे तिघे साक्षीदार एकमेकांचें ऐकून बोलले असतील, असें मानावयास जागा नाहीं. साक्षी तीनच, पण स्वतंत्र. म्हणून १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख बळकट ठरली आणि २००१ सालीं महाराष्ट्र शासनानेंही ती स्वीकारली.

वैद्यकांतही असेंच घडलें आहे. १७४७ सालीं जेम्स लिंड या जहाजावरील वैद्यानें स्कर्व्हीचे अवघे बारा रोगी घेऊन दोघादोघांस निरनिराळे उपचार दिले. संत्रीं व लिंबें खाणारे दोघे सर्वांआधीं सुधारले. गुण ठळक असल्यामुळें थोडे रोगीही पुरेसे बोलके ठरले. तरी इंग्रजी आरमारानें लिंबाचा रस सर्रास देण्यास १७९५ साल उजाडलें. जेथें फरक सूक्ष्म असतो, तेथें मात्र बारांच्या आंकड्यावर विसंबतां येत नाहीं. अशा वेळीं अनुमानास किती सैल मर्यादा ठेवावी, याचें गणित डब्लिनच्या एका मद्याच्या कारखान्यांतील विल्यम गॉसेट यानें 'स्टुडंट' या टोपणनांवानें १९०८ सालीं मांडलें. नमुने थोडे असतील, तर बोलणेंही जपून असावें, हा त्याचा सारांश.

उलट, संख्या विपुल असूनही पुरावा तोकडा पडतो, हें आमच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या सड्यांवर दिसतें. बारसू, उक्षी, कशेळी येथील जांभ्यावर कोरलेलीं खोदचित्रें आज जगाच्या नजरेंत भरलीं आहेत. २०२२ सालीं त्यांचा युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादींत समावेश झाला. परंतु उघड्या कातळावर मातीचे थर नाहींत. त्यामुळें काळ ठरविण्याचें नेहमींचें साधनच हातीं लागत नाहीं. हत्ती, मासे, मनुष्याकृति कितीही मोजल्या, तरी केवळ मोजणीनें त्यांचें वय कळत नाहीं.

यावरून थोडक्या साधनांवर संशोधन करूंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. तसें म्हटलें, तर आमचा निम्मा इतिहास मिटून ठेवावा लागेल. साधन एकच असेल, तर त्याचा लेखक कोण, काळ कोणता, हेतु काय, हें दसपटीनें विचारावें. आणि निष्कर्षापुढें 'तूर्त' हा शब्द लिहिण्यास लाजूं नये.

आणखी एक गोष्ट वाचकांच्याच हातची आहे. जेध्यांच्या घरीं तीं पानें जपलीं गेलीं नसतीं, तर तो सारा वाद चुकीच्या तिथीवरच मिटला असता. कोंकणांतील जुन्या घरांच्या माळ्यांवर रुमालांत बांधलेले कागद अद्यापि आहेत. दर पावसाळ्यांत ओल आणि वाळवी त्यांतून आपला वांटा उचलते. मोडकळीस आलेलें घर विकतांना किंवा पाडतांना ते रुमाल चुलीकडे न जातां जाणत्याच्या हातीं पडले, तर पुढच्या एखाद्या वादांत साक्षीदार एकानें वाढेल. जेथें साक्षी मुळांत तीनच, तेथें चौथ्याचें मोल काय, हें निराळें सांगावयास नको.