आम्लजनक : एका नावाची कथा

आपल्या सीमाभागात एकाच वायूची दोन नावे कानी पडतात : मराठीत प्राणवायू, कानडीत आम्लजनक. मला हा कानडी शब्द इतिहासाचा साक्षीदार वाटतो, कारण तो ‘ऑक्सिजन’चा सरळ अनुवाद आहे.

फ्रान्सच्या लाव्हाझिएने १७७७ मध्ये ग्रीक शब्दांवरून हे नाव घडवले. गंधक जाळले की हा वायू त्याच्याशी संयोग पावतो आणि पाण्यात आम्ल तयार होते. यावरून प्रत्येक आम्लात तो असणारच, असे त्याने मानले. १७९४ मध्ये लाव्हाझिए गिलोटिनखाली गेला. नाव मात्र टिकले.

१८१० मध्ये इंग्लंडच्या हम्फ्री डेव्हीने दाखवून दिले, की मिठापासून मिळणाऱ्या आम्लात प्राणवायू नाहीच. आहेत ते हायड्रोजन आणि क्लोरीन. पुढे स्वीडनच्या अऱ्हेनियसने उलगडा केला : पाण्यात हायड्रोजनचे आयन देते ते आम्ल, हायड्रॉक्साइडचे आयन देते ते आम्लारी, म्हणजे आम्लाचा अरी. या दोन आयनांची गाठ पडली की पाणी होते.

म्हणजे कानडीतला ‘जलजनक’, आपला हायड्रोजन, हाच आम्लाचा खरा जनक! पण शेजाऱ्याच्या शब्दाला हसू नये. ‘ऑक्सिजन’ म्हणताना आपणही तीच जुनी चूक उच्चारत असतो.