घोड्याचं घर: छपराआधी जमीन

मंडळी, आजचा विषय जरा खालच्या पातळीवरचा आहे, अगदी शब्दशः. घोडा जिथे उभा राहतो ती जागा.

सारंगखेड्याच्या बाजारातून घोडी आणून शेतावर ठेवणारी हौशी माणसं मला अधूनमधून भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तबेला कोणत्या पद्धतीचा बांधू? फोनवरची चित्रं बहुधा विलायती असतात. चहूबाजूंनी बंद लाकडी इमारत, मधून बोळ, दोन्हीकडे कप्पे, वर गवताचा माळा. चित्र देखणं असतं, नाही असं नाही. पण हे उत्तर नेमकं कोणत्या प्रश्नाचं, असं मी विचारतो. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, ती खोड जात नाही.

आधी शब्द पाहू. ‘तबेला’ हा मूळचा ‘तवीला’, म्हणजे जनावरं ओळीनं बांधायचा लांब दोर. ‘पागा’ ही फारसी ‘पायगाह’, पाय ठेवण्याची जागा. घोड्याचं ‘ठाण’ म्हणजे स्थान. इंग्रजी ‘स्टेबल’ लॅटिन ‘स्ताबुलुम’वरून आला, त्याचाही अर्थ उभं राहण्याची जागा, त्यातला धातू आपल्या ‘स्था’चा सख्खा भाऊ. चार शब्द, आणि एकातही छप्पर नाही, भिंत नाही. दोर आहे, पाय आहे, जमीन आहे. ‘अश्वशाळा’ शब्दात इमारत येते खरी, पण ते राजाचं काम.

जुन्या लेखकांचंही लक्ष असंच खाली असतं. झेनोफन हा इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला अथेन्सचा घोडेस्वार आणि सेनानी. अश्वविद्येवरच्या त्याच्या छोट्या पुस्तकात तो बजावतो की ओली, गुळगुळीत जमीन चांगल्या खुरांचीही वाट लावते. म्हणून जमिनीला उतार द्या आणि खुराच्या मापाचे दगड बसवा. बाहेर, जिथे खरारा करायचा, तिथे मुठीएवढे गोल दगड चार-पाच गाड्या भरून पसरा. ग्रीकांकडे ठोकायचे नाल नव्हते, तेव्हा खूर टणक होणं हीच घोड्याची किंमत. आणखी एक गोष्ट तो सांगतो: ठाण मालकाच्या नजरेसमोर असावं, घोड्याचा दाणा चोरीला जाऊ नये. मोतद्दारांविषयीचा हा अविश्वास सार्वकालिक दिसतो!

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचं प्रकरण आहे. शाळेची लांबी घोड्यांच्या संख्येवर, रुंदी घोड्याच्या लांबीच्या दुप्पट. चार दारं, मध्ये लोळायला जागा. प्रत्येक घोड्याला त्याच्या लांबीइतकं चौरस ठाण, खाली गुळगुळीत फळ्या, खाद्याचा कप्पा, मूत्र आणि लीद बाहेर जायची सोय. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. शिवाय शाळेत माकडं, मोर, मुंगूस, पोपट, साळुंक्या ठेवा म्हणतो. हा शोभेचा शौक नसावा. राजवाड्याच्या रक्षणाबद्दल बोलताना तोच सांगतो की सापाच्या विषाची शंका आली की पोपट-साळुंक्या ओरडतात.

मग बंद तबेला आला कुठून? थंडीतून. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस सांगतो की घोड्यांची जागा शक्य तितकी उबदार निवडा, फक्त चुलीसमोर नको. उत्तर युरोपात तर ऊब हाच ध्यास झाला. फटी बुजवा, खिडक्या लावा. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे एडवर्ड कोलमन यांनी या कोंदट लष्करी तबेल्यांविरुद्ध आवाज उठवला. घोड्यांना होणारा ग्लँडर्स हा जीवघेणा रोग दूषित हवेतून जन्मतो, असं त्यांचं मत. कारण चुकीचं होतं. रोग जिवाणूचा, तो १८८२ मध्ये लोफ्लर आणि शुट्झ यांनी दाखवला. पण वारा खेळता ठेवा हा सल्ला योग्यच होता. घोडा तोंडानं श्वास घेत नाही, नाकानंच घेतो. लिदीचा उग्र वास आणि गवताची धूळ थेट फुप्फुसात. चुकीच्या कारणानं बरोबर निष्कर्ष निघतो तेव्हा त्याचं काय करायचं, हा ज्ञानमीमांसेचा मोठा मजेदार प्रश्न आहे, पण तो पुन्हा कधीतरी.

आता आपल्याकडे येऊ. मराठी घोडं आठ महिने मुलूखगिरीवर. आगाडी-पिछाडी लावून उघड्यावर बांधलेलं, तोंडाला तोबरा, अंगावर फार तर झूल. त्याला घर हवं ते चार महिने. सभासदानं बखरीत शिवकालीन व्यवस्था नोंदवली आहे: पावसाळ्यात लष्कर छावणीला परत यावं, तिथे दाणा, औषधं आणि गवतानं शाकारलेली घरं तयार असावीत, दसरा झाला की कूच. पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी आणि खूर. पुन्हा खालचीच काळजी.

अशीच एक छावणी चिपळूणजवळ दलवटण्याला पडली होती. तिथल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना मे १६७३ मध्ये शिवाजी महाराजांचं पत्र गेलं. रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, या ताकिदीबद्दल ते प्रसिद्ध आहे. मी ते आज तबेल्याचा दस्तऐवज म्हणून वाचतो. दाणागवत आता आहे म्हणून वाटेल तसं चाराल, तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग उपाशी लष्कर रयतेला छळेल, आणि लोक म्हणतील मोगल बरे होते. पुढे आग. कोणी स्वयंपाक करील, कोणी आगटी पेटवील, कोणी तंबाखू ओढील. वारा सुटलेला, गवत पसरलेलं. रात्री दिवा जळता राहिला तर उंदीर वात पळवून नेईल. एक खण पेटला की सगळे खण जातील, आणि नंतर कोणालाही कितीही शिक्षा केली तरी नवा खण उभारायला एक लाकूड मिळणार नाही.

हा खण शब्द महत्त्वाचा आहे. एका लांब छपराखाली खणाला खण लावून उभारणी करायची ही पद्धत स्वस्त, झटपट, देखरेखीला सोपी. पण तिची किंमतही तिथेच, एका ठिणगीला सगळ्या खणांची वाट मोकळी. कोकणातल्या ऐन वैशाखात, वाळल्या गवताच्या छपराखाली हे लिहिणाऱ्याला माहीत होतं की घोड्याला पावसापासून वाचवणारी वस्तूच त्याला जाळू शकते. उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत जाणारा विचार मला तरी आधुनिक नियमावलीत फारसा दिसत नाही.

त्यामुळे विलायती चित्रातल्या गवताच्या माळ्याला माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे. वर चारा, खाली घोडा, मध्ये विजेची वायर. वरून धूळ गळते ती वेगळीच. कडब्याची गंजी तबेल्यापासून दूर, स्वतंत्र हवी, मग चार पावलं जास्त चालावं लागलं तरी चालेल.

राहिली पद्धत. एक-दोन घोडी आणि मोकळं कुंपण असेल तर आपल्या हवेत तीन बाजूंनी बंद, एका बाजूनं उघडी पडवी पुरते. आत-बाहेर घोडं स्वतः ठरवतं, आणि ते फार चांगलं ठरवतं. शर्यतीची, महागडी किंवा आजारी जनावरं असतील तर बंद कप्पे हवेत. मग ते बारा फूट लांब-रुंद तरी करा, आणि छपराच्या आढ्याला वारा निघायला वाट ठेवा. पैसे कमी पडले तर भिंतीत काटकसर करा, जमिनीत नको. जोतं उंच घ्या, उतार द्या, पाणी साचू देऊ नका. आपला पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, तेव्हा पाठ तिकडे आणि उघडी बाजू पूर्वेला किंवा उत्तरेला. कौटिल्यानं घोड्याचं तोंड याच दोन दिशांना करायला सांगितलं आहे. कारण त्यानं दिलेलं नाही. तुम्ही पहिल्या आषाढात पडवीत उभे राहा, कळेल.