टीजीएसएस आकाश सर्वेक्षण

पुणे जिल्ह्यातील खोडद (ता. जुन्नर) येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने सुमारे १५० मेगाहर्ट्‌झ वारंवारतेला केलेली आकाशाची पाहणी. निरीक्षणे २०१० ते २०१२ दरम्यान झाली. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांच्या ४३५ जोड्यांचे संकेत एकमेकांशी ताडून आकाशाची प्रतिमा तयार होते. एकेका दिशेला जेमतेम पाव तास मिळे, तोही तुकड्यातुकड्यांनी.

खरी कसोटी पुढे होती. इतक्या कमी वारंवारतेला आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, रेडिओ लहरी वाकवते. हलत्या पाण्याखालच्या खड्यांसारखे स्रोत जागा सोडल्याचे भासतात. प्रत्येक दिशेची ही विकृती वेगळी मोजून दुरुस्त करणारी ‘स्पॅम’ ही संगणकप्रणाली हुइब इंटेमा यांनी विकसित केली. तिच्या आधारे इंटेमा व सहकाऱ्यांनी सारी विदा नव्याने तपासून शुद्ध केली. २०१६ मध्ये खुल्या झालेल्या त्यांच्या सूचीत आकाशाचा सुमारे ९० टक्के भाग आणि ६.२ लाख रेडिओ स्रोत आहेत. दुर्बीण एकांची, विश्लेषण दुसऱ्यांचे आणि शोध तिसऱ्यांचा, ही विदाप्रधान खगोलशास्त्राची रीत येथे ठळक दिसते.

कमी वारंवारतेला प्रखर पण जास्त वारंवारतेला झपाट्याने मंदावणारे स्रोत फार दूरचे असण्याची शक्यता अधिक असते. या सूचीतील अशाच निवडीतून २०१८ मध्ये ५.७२ ताम्रसृतीची (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाश तांबड्याकडे सरकण्याच्या मापाची), तोवरची सर्वांत दूरची रेडिओ दीर्घिका सापडली. तिचा प्रकाश सुमारे १२८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला आहे.