कट आणि रोल : आयरिश वादनातील दोन अलंकार

आयरिश पारंपरिक वादनातले ‘कट’ आणि ‘रोल’ हे अलंकार मूळचे बॅगपाइपचे. तोंडाने फुंकायच्या बॅगपाइपमध्ये हवा आधी पिशवीत भरते आणि तिथून पत्तीवर जाते. वादकाची जीभ पत्तीपर्यंत पोहोचतच नाही. नाद अखंड वाहत राहतो, त्यामुळे एकच स्वर लागोपाठ दोनदा घेतला तर तो एकच लांब स्वर वाटतो. यावर उपाय बोटांनी काढला. वरच्या छिद्रावरचे एखादे बोट निमिषभर उचलून टेकवले की स्वर दुभंगतो. हा कट. आपल्याकडच्या कणस्वराहून तो वेगळा, कारण त्यात वरचा सूर ऐकू येणे अपेक्षितच नसते; ऐकू येतो तो फक्त आघात.

अठराव्या शतकात आयर्लंडमध्ये भात्यावर चालणारे इलन पाइप्स आकाराला आले. त्यांची चँटर ही सूर काढायची नळी मांडीवर दाबून सगळी छिद्रे झाकली की आवाज थांबतो. मूळची अडचण अशी दूर झाली, तरी कट गेला नाही. नाचाच्या लयीला उठाव देणारे त्याच्याइतके नेमके साधन दुसरे नव्हते.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट क्लार्क यांनी 1843 च्या सुमारास पत्र्याची सहा छिद्रांची टिन व्हिसल बनवायला सुरुवात केली. हे स्वस्त वाद्य आयर्लंडमध्ये घरोघर गेले. त्यावर जिभेने स्वर तोडणे अगदी सोपे. पण बऱ्याच वादकांनी पाइप्सचीच बोटे उचलली. वरची तीन छिद्रे झाकून लागणारा ‘जी’ स्वर जिग या नाचाच्या चालीत तीन मात्रा टिकवायचा असेल, तर आधी वरचे बोट उचलून कट द्यायचा, मग चौथ्या छिद्रावर बोट आपटायचे. एका स्वराचे तीन झाले, हा रोल. सहाही छिद्रे झाकलेल्या सर्वांत खालच्या ‘डी’वर आपटायला छिद्रच उरत नाही, म्हणून तिथे एकामागून एक कट देतात. त्याला ‘क्रॅन’ म्हणतात.

हे सगळे येत असूनही ते कुठे टाळायचे, हे कळणे अधिक अवघड. चालीचा प्रत्येक भाग सहसा आठ मात्राखंडांचा आणि दोनदा वाजणारा. प्रत्येक लांब स्वरावर रोल घातला तर चालीचा आकारच हरवतो. क्लेअर परगण्यातल्या डूलिनचे मिको रसेल (1915–1994) मोजकेच अलंकार घेत. श्वास घ्यायला ते एखादा स्वर खुशाल गाळत, पण लय ढळू देत नसत. 1973 मध्ये टिन व्हिसलवादनाच्या अखिल आयर्लंड स्पर्धेत ते पहिले आले.