दारफाळणीच्या दुपारी निनवेत

ग्वाल्हेरच्या फूलबागेत गोपाळ मंदिर, मोती मशीद आणि गुरुद्वारा हाकेच्या अंतरावर आहेत. तिथून निघा आणि मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, म्हणजे बेने इस्रायलांच्या, एका प्रार्थनाघरात चला. दीडशे वर्षं मागे, मुंबईत, मांडवीच्या सॅम्युएल स्ट्रीटवर. चामड्याच्या वहाणा बाहेरच काढा, आज त्या चालत नाहीत. पाणी मागू नका, कुणी देणार नाही.

हे सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये स्थापलेलं सिनेगॉग. आसपासचे लोक याला जुनी मशीदच म्हणतात. मशीद बंदर हे नाव यावरूनच पडलं असं मानतात. आज बेने इस्रायलांचा दारफाळणीचा सण, म्हणजे योम किप्पूर. काल सूर्य मावळायच्या आत सगळे जेवले, तेव्हापासून पाण्याचा थेंब नाही. पावसाळा सरलाय, उकाडा मी म्हणतोय. पांढरे कपडे पाठीला चिकटलेत. दिव्यांच्या तेलाचा वास, दाटीवाटीने बसलेल्या माणसांचा घाम, आणि भरीला गोदामांतून येणारा मिरच्यांचा खाट. घसा खवखवतो, आवंढा गिळायला थुंकीही उरलेली नाही. बाहेर हमालांची आरडाओरड, बैलगाड्यांचा खडखडाट.

तुमच्या शेजारी एक आजोबा आहेत. त्यांच्या वडिलांचा अलिबागेकडे तेलाचा घाणा होता. शनिवारी तो बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं.

तिसऱ्या प्रहरी योना संदेष्ट्याचं पुस्तक वाचायला घेतात. अवघे चार अध्याय. हझान, म्हणजे प्रार्थना म्हणणारा, हिब्रूत गातो, आजोबा तुमच्या कानाशी मराठीत सांगतात, ‘‘ऐक बाबा, आता निनवे आलं.’’

आणि तुम्ही तिथे पोचलातच. तैग्रीसचा काठ, कच्च्या विटांच्या भिंती, पायाखाली भट्टीसारखी तापलेली माती. जवाच्या भाकरीचा आणि तिळाच्या तेलाचा वास. शेळ्या अंगावर येतात. एवढ्यात तो दिसतो, योना. तीन दिवस माशाच्या पोटात राहून आलेला माणूस आहे, जरा लांबच उभे राहा. त्याने आणलेला देवाचा निरोप मूळ हिब्रूत जेमतेम पाच शब्दांचा: चाळीस दिवसांत शहर पालथं होणार. का, ते नाही. उपाय काय, तेही नाही.

तरी शहर ऐकतं. शेळीच्या केसांचं खरखरीत तरट तुम्हीही पांघरा. मान चरचरते, काखेत टोचतं. राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसलाय. हुकूम सुटलाय की माणसांनी खायचं-प्यायचं नाही, आणि जनावरांनीही नाही. गाईबैलांच्या पाठीवर तरटं पडतात, गव्हाणी रिकाम्या राहतात. उन्हं चढतात तशी आधी वासरं हंबरतात, मग गाई, मग गल्ल्यागल्ल्यांतून सगळं गोधन. कान बंद करून उपयोग नाही. माझ्या मते या गोष्टीचा जीव त्या माशात नाही, या हंबरण्यात आहे. निनवेचा पश्चात्ताप आधी घशाला कळतो. म्हणूनच तर हे पुस्तक पोट भरलेलं असताना नाही, उपासाच्या या टोकाला वाचायचं. सकाळी नाश्ता करून वाचलंत तर हाती फक्त मासा लागेल.

देवाचं मन द्रवतं, शहर वाचतं, आणि योना चिडतो! शहराच्या पूर्वेला जाऊन बसतो. एका रात्रीत त्याच्या डोक्यावर एक झाड सावली धरतं. ते एरंडाचं असावं असं बरेच अभ्यासक मानतात. एरंड म्हणताच आजोबांचा चेहरा खुलतो. तेल्याच्या घरचे ना ते! दुसऱ्या पहाटे कीड झाडाला खाते, झळा सुटतात, ऊन टाळू फोडतं. योना मरण मागतो. देव विचारतो ते साधारण असं: एका झाडाची तुला एवढी कणव, मग डावंउजवं न कळणारी १,२०,००० हून जास्त माणसं आणि इतकी सारी जनावरं यांची मला येऊ नये? पुस्तक या प्रश्नावरच संपतं. योनाचं उत्तर त्यात नाही.

तुम्ही परत मांडवीत आहात. अंधार पडला की शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, फुंकतील आणि मग पाणी मिळेल. उद्या शिळा सण: गोरगरिबांना दान, नातलगांच्या भेटीगाठी. आजोबा पहिले धाकट्या भावाकडे जाणार आहेत. वडिलांच्या घाण्याच्या वाटणीवरून दोघांत अबोला आहे. तुम्ही सोबत चला, गिरगावापर्यंत चालायचंय.