घूस

घूस : कृंतक गणाच्या म्युरिडी कुलातील, जमिनीत बिळे करणारा सस्तन प्राणी (पहा : उंदीर, कृंतक गण). प्रजातीचे शास्त्रीय नाव बँडिकोटा.

प्रसार : मूळ स्थान दक्षिण व आग्नेय आशिया. विदर्भात अंगणात माती उकरून बिळे करणारा मुख्य कृंतक घूस होय. नागपूर–वर्धा मार्गावरील बुटीबोरीसारख्या, शेतीला लागून असलेल्या औद्योगिक वसाहतींत उघडी गटारे, धान्यसाठे व उकिरडे यांमुळे तिला अन्न व आसरा मिळतो.

लक्षणे : शरीर जाडजूड, केस राठ, रंग काळपट तपकिरी, मुस्कट बोथट. शेपूट सामान्यतः शरीरापेक्षा आखूड. मोठी घूस सुमारे 1 किग्रॅ.पर्यंत भरते, लहान घूस बरीच हलकी असते. चिडल्यास केस फुलवून गुरगुरते. चिचुंद्रीचे मुस्कट लांब व टोकदार असते आणि ती कृंतक नाही (पहा : चिचुंद्री). घुशीच्या बिळाच्या तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग असतो. संध्याकाळी बुजवलेले बीळ सकाळी उकरलेले दिसल्यास ते वापरातले समजतात.

महत्त्व : घूस बिळात धान्य साठवते, पाया व फरशीखालची माती पोखरते आणि लेप्टोस्पायरोसिसचा प्रसार करते.

नियंत्रण : अन्नकचरा झाकणे, गटारांना लोखंडी जाळी बसविणे, भेगा सिमेंटने बुजविणे व पिंजरे लावणे. ब्रोमाडिओलोनचे 0.005 टक्के आमिष मुले व पाळीव प्राण्यांपासून दूर, बंद पेटीत ठेवतात. धामण, मुंगूस व घुबड हे नैसर्गिक शत्रू (पहा : धामण, मुंगूस).